बेळगावचं हॉस्पिटल, आक्काचा 'गॅस' आणि रात्री पावणेदोनचा सिटी स्कॅन

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापलाय ते खाली येईलच, पण आधी साडेचार कशाला दिलेत ते सांगायचंय, कारण आक्का आज चुलीपुढं बसून भाकरी थापते ती ह्या लोकांमुळं. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम घालत नाही, दाजींना ते नको आहे आणि थोड्या तक्रारी पण आहेत, बेळगावातलं एक मोठं हॉस्पिटल एवढंच धरा. नाव नसलं तरी शेवटपर्यंत वाचा, कारण तिथं जे चांगलं होतं ते काय हे कळलं की बेळगाव असो, कोल्हापूर असो की मिरज, कुठल्या पण हॉस्पिटलच्या काउंटरवर तुम्ही तेवढंच विचारू शकता.

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण, वय चोपन्न, खानापूर तालुक्यात नंदगडच्या बाजूला दिलीय. शुगर बारा वर्षांपासून. गोळ्या घेते पण लावणी-कापणीच्या दिवसात राहतातच, आणि आमच्याकडं बायकांचं कसं असतंय तुम्हाला माहीत आहे, घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर उरला वेळ तर स्वतःचं. गेल्या जुलैत रोप लावणी चालू होती, खानापूरचा पाऊस म्हणजे दिवसभर थांबायचं नाव नाही, डोक्यावर खोळ घेऊन बायका गुडघाभर चिखलात वाकून असतात. त्यात लघवीला जायची पंचाईत, आडोसा नाही, चार पुरुष पण शेतात, मग दाबून धरायचं, आणि जायला लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायचं. आक्कानं पण तेच केलं. लघवीला जळजळ तीन-चार दिवस होती हे तिनं आम्हाला हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर सांगितलं, तोवर दाजींना पण पत्ता नाही.

मग थंडी वाजून ताप आला आणि डावीकडं पाठीत, बरगडीच्या खाली दुखायला लागलं. सगळे म्हणाले वाकून वाकून कंबर धरलीय. दुसऱ्या दिवशी उलट्या, पोट फुगलं, आणि तिथनं पुढं घरात एकच शब्द, गॅस. गॅस झालाय. ओवा चावायला दिला, बेंबीला हिंग लावला, कोमट पाण्यातनं सोड्याची पुडी झाली, गावात येणाऱ्या डॉक्टरनं एक सुई आणि गॅसच्या गोळ्या दिल्या. कुणाचा दोष म्हणून लिहीत नाही, माझ्या घरी झालं असतं तर मी पण हेच केलं असतं. ताप मात्र उतरून परत चढत होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाच्याचा फोन आला, मामा ये, आई उठेना झालीय. मी बेळगावातनं गाडी काढली, खानापूर पंचवीस-सव्वीस किलोमीटर आणि पुढं नंदगड, पावसानं रस्ता दिसत नव्हता. पोचलो तर आक्का भिंतीला टेकून बसलेली, ओठ सुकलेले, हात हातात घेतला तर गार. मला बघून म्हणते, "काय गा, कशाला आलास असल्या पावसातनं, गॅस तर झालाय न्हवं." ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला कारण तिचा आवाज लई बारीक झाला होता, दमल्यावर पण आक्काचा आवाज तसा होत नाही.

वाटेतल्या एका दवाखान्यात दाखवलं. तिथं सोनोग्राफी झाली. रिपोर्ट आला, पोटात गॅस जास्त असल्याने डावी किडनी नीट दिसली नाही, बाकी काही विशेष नाही. एक सलाईन लावली आणि म्हणाले गॅस आहे, उद्या सकाळी बघू. दाजी पण हो म्हणायला लागलेले. तिथल्याच सिस्टरनी बोट टोचून शुगर बघितली होती, ४८६. मला डॉक्टरकीतलं काही कळत नाही, पण ४८६ आणि गार हात हे बघून उद्यापर्यंत थांबायला मन तयार होईना, सलाईन हातात धरून तसंच गाडीत घातलं आणि बेळगावला आणलं. हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत शिरलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.

आता खरा रिव्ह्यू इथनं सुरू.

कॅज्युअल्टीत रात्रपाळीला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, असतील अठ्ठावीस-तीसच्या. आक्काशी मराठीत, सिस्टरशी कन्नडमध्ये, दोन्हीकडं सारखंच सरळ बोलणं. पहिल्या पाच मिनिटात त्यांनी जे केलं ते मी उभं राहून बघितलंय. आधी बीपी, ९२ वर ६०. लगेच दुसऱ्या हाताला दुसरी सलाईन. मग आक्काला थोडं कुशीवर वळवून डाव्या बरगडीखाली पाठीत हाताच्या कडेनं हलकी थाप मारली, आक्का "आई गे" म्हणून अशी ओरडली की बाजूच्या बेडवरचा पेशंट उठून बसला. उजवीकडं तशीच थाप मारली, काही नाही. मग माझ्याकडनं सोनोग्राफीचा कागद घेतला, ट्यूबलाईटखाली धरला आणि 'डावी किडनी नीट दिसली नाही' ह्या ओळीवर बोट ठेवून तिथंच थांबल्या. मला म्हणाल्या, "दादा, किडनी दिसली नाही म्हणजे किडनी चांगली आहे असं होत नाही. गॅसच्या मागचं सोनोग्राफीला दिसत नाही, आणि हा गॅस आतड्यातलाच आहे हे कुणी बघितलंय? शुगरचा पेशंट, ताप, एकाच बाजूला एवढं दुखणं, मला आत्ताच सिटी करायचाय."

साडेचारमधले तीन स्टार मी ह्या एका वाक्याला देतो. त्याच्या आधी गॅस हा शब्द सगळ्यांनी म्हटला होता, गावच्या डॉक्टरपासून मशीनपर्यंत, आणि खोटं कुणीच बोलत नव्हतं, गॅस होताच. फक्त तो कुठं आहे हे विचारणारं माणूस साडेअकराला भेटलं.

अँटिबायोटिक चालू करायच्या आधी रक्ताचं आणि लघवीचं कल्चर घेतलं, म्हणजे जंतू कुठला आणि कुठल्या औषधाला मरतो ते बघायची तपासणी, हे पण नीट बघून ठेवा कारण पुढं ह्याचा उपयोग झाला. रक्त तपासणी तासाभरात आली. क्रिएटिनीन, म्हणजे किडनी नीट काम करेना झाली की वाढतो तो आकडा, १.९, प्लेटलेट कमी, ९६ हजार, पांढऱ्या पेशी बावीस हजारांवर. क्रिएटिनीन वाढलेलं म्हणून शिरेतनं डाय, म्हणजे फोटो उठून दिसायला देतात तो रंग, न देता साधाच सिटी करायचं ठरलं, आणि बाईंनी सांगितलं की गॅस बघायला डाय लागतच नाही, हवा सिटीत काळी दिसते ती साध्यात पण दिसते. पावणेदोनला सिटी झाला.

फिल्म यायच्या आधीच त्यांनी मला आत बोलावून कॉम्प्युटरवर दाखवलं. उजवी किडनी करड्या रंगाची, गुळगुळीत, आमच्या खानापूरच्या काजूसारखी. डावी बघितली आणि मी गप्पच झालो. आत सगळी काळी काळी भोकं. तव्यावर आंबोळी टाकल्यावर वरनं जाळी पडते न्हवं, तसं. आणि त्यातली थोडी भोकं किडनीच्या बाहेर, तिच्या भोवतालच्या चरबीत पण गेलेली. बाई म्हणाल्या हा गॅस आतड्यातला नाही, किडनीच्या मांसात तयार झालाय.

तयार कसा होतो हे मी तेव्हाच विचारलं आणि त्यांनी घाईत पण दोन मिनिटं दिली. किडनीत जंतू शिरलेत, बहुतेक वेळा ई. कोलाय, नाहीतर क्लेबसिएला. शुगर जास्त म्हणजे तिथल्या मांसात गोड भरपूर, आणि शुगरनं बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या म्हणून रक्त कमी पोचतं, तयार झालेला वायू वाहून नेला जात नाही. जंतू ती साखर खातात, आंबवतात आणि कार्बन डायऑक्साईड, हायड्रोजन सोडतात. म्हणजे आंबोळीचं पीठ रात्री झाकून ठेवलं की सकाळी फुगून वर येतंय तेच, फक्त आक्काच्या किडनीत. माझ्या डोक्यात आंबोळीच आली होती आणि त्या पण पीठच म्हणाल्या, हे मी विसरणार नाही.

ह्या आजाराचं नाव एम्फिसिमॅटस पायलोनेफ्रायटिस, तिथं सगळे ईपीएन म्हणतात. नंतर घरी आल्यावर मी वाचलं, किडनीतल्या ह्या वायूच्या इन्फेक्शनचा पहिला पेशंट १८९८ साली अमेरिकेतल्या केली आणि मॅकॅलम ह्या डॉक्टरांनी लिहून ठेवला आणि आजचं नाव १९६२ मध्ये शुल्ट्झ आणि क्लॉरफाईन ह्यांच्या लेखातनं आलं. पेशंट बहुतेक शुगरवाले असतात, पुरुषांपेक्षा बायका जास्त, आणि उजवीपेक्षा डावी किडनी जास्त वेळा. आक्का तिन्हीत बसते. तैवानच्या हुआंग आणि त्सेंग ह्या दोघांनी २००० साली ४८ पेशंटांचा अभ्यास छापला त्यात ४६ जणांना शुगर होती. शुगर नसलेल्यांना पण होतो, मुतखडा किंवा कशानं तरी लघवीची वाट अडली असेल तर.

तीनच्या सुमाराला युरॉलॉजिस्ट, म्हणजे किडनी-लघवीचे सर्जन, आले, घरनं पावसात. मी आधी ऐकलं होतं की किडनीत असं काही झालं की काढूनच टाकतात, आणि पूर्वी तसंच करायचे, तरी पण पेशंट हाताला लागत नसत, १९७० च्या दशकापर्यंत शंभरातले अठ्ठ्याहत्तर पर्यंत जायचे असं पुस्तकात आहे. आता पाचातला एक असं प्रमाण सांगतात. एवढा फरक कशानं पडला तर सिटीनं लवकर कळतं, औषधं चांगली आली आणि किडनी कापण्याआधी पाईप टाकून घाण बाहेर काढायची पद्धत आली.

सरांनी आम्हाला एका कोपऱ्यात उभं करून स्पष्ट सांगितलं, गोड बोलले नाहीत. हुआंग आणि त्सेंगच्या पायऱ्या तिथं पण वापरतात. पहिली म्हणजे गॅस फक्त किडनीतल्या लघवी गोळा होते त्या पोकळीत, दुसरी म्हणजे किडनीच्या मांसात, तिसरीत किडनीबाहेर पसरलेला, तिच्यात पण अ आणि ब, जवळ की लांब, आणि चौथी म्हणजे दोन्ही किडन्या किंवा एकुलती एक किडनी. आक्का ३ अ. शिवाय चार वाईट खुणा बघतात, प्लेटलेट कमी होणं, किडनी अचानक बंद पडायला लागणं, शुद्ध हरपणं, आणि बीपी पडून शॉक बसणं. तिसऱ्या-चौथ्या पायरीला ह्यातल्या दोन किंवा जास्त असल्या की नुसत्या पाईपनं भागणं अवघड. "ह्यांची प्लेटलेट कमी आहे, क्रिएटिनीन काठावर आहे, पण बीपी सलाईनला उचललंय आणि बोलतायत नीट. पाईप टाकून अठ्ठेचाळीस तास बघतो. नाही ऐकलं तर किडनी काढावी लागेल, ती सही पण आत्ताच करून ठेवा, तेव्हा धावपळ नको."

सहीचा कागद कन्नड आणि इंग्रजीत होता. दाजींना दोन्ही वाचता येत नाही, हात थरथरत होता त्यांचा. एक कन्नड सिस्टर आल्या, कागद हातात घेतला आणि एकेक ओळ मोडक्यातोडक्या मराठीत वाचून दाखवली, मूत्रपिंड हा शब्द आल्यावर म्हणाल्या हे तुमचं आणि आमचं एकच आहे. बेळगावात भाषेवरनं काय काय चालतं ते मी लहानपणापासून बघतोय, पण त्या रात्री तीन वाजता त्या बाईंनी माझ्या दाजींना एकही ओळ न समजता सही करू दिली नाही, हे मला इथं लिहायचंच होतं.

चारच्या आसपास पाईप टाकला. ऑपरेशन थिएटर नाही, भूल देऊन झोपवणं नाही, जागा तेवढी बधिर करून सिटीत बघत बघत रेडिओलॉजीच्या डॉक्टरनी पाठीतनं आत घातला. चौदा फ्रेंच म्हणाले, तीन फ्रेंच म्हणजे एक मिलीमीटर, म्हणजे साधारण पावणेपाच मिलीमीटर जाडी, पू घट्ट असतो म्हणून बारीक नळी चालत नाही, बुजते. बाहेर आणल्यावर मी पिशवी बघितली, तांबूस घाणेरडा पू तर होताच पण पिशवी फुगलेली होती, हवेनं. दोन बोटांनी दाबली तर मऊ लागली, चकलीच्या पाकिटासारखी. ज्याच्यासाठी आम्ही तीन दिवस ओवा दिला तो गॅस तो होता. मी भिंतीकडं तोंड करून रडलो, आणि आक्का स्ट्रेचरवरनं म्हणाली, "कशाला रडालायस, मी हाय न्हवं."

आयसीयूत पाच दिवस. तिथलं काम लई कडक. शुगरला इन्सुलिन शिरेतनं मशीननं सोडत होते आणि दर तासाला बोट टोचून आकडा बघून कमी-जास्त, पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत २०० च्या खाली आणली. शुगरची नेहमीची गोळी लगेच बंद केली, किडनी आजारी असताना ती चालत नाही म्हणून. अँटिबायोटिक मेरोपेनेम, किडनीच्या हिशोबानं डोस कमी करून. तिसऱ्या दिवशी कल्चर आलं, ई. कोलाय, आणि साध्या गोळ्या-इंजेक्शनांना दाद न देणारा. सर म्हणाले पहिल्या रात्रीच मोठं औषध दिलं ते बरं झालं, आणि आता नेमकं कशाला मरतो ते पण कळलंय. मेडिकलमधनं चिठ्ठी नसताना तापाला दोन-दोन गोळ्या आणून खायची सवय आपल्याकडं किती आहे हे मी तुम्हाला सांगायला नको, जंतू त्यातनंच शिकतात असं ते म्हणाले आणि आवाज पहिल्यांदा जरा चढला.

अठ्ठेचाळीस तास कसे गेले ते लिहिता येत नाही. आयसीयूच्या बाहेर जिन्यावर बसून मी आणि दाजी, खाली कॅन्टीनला इडली खायला पण एकेक जण जायचो. दुसऱ्या रात्री प्लेटलेट ७१ हजारावर आली तेव्हा किडनी काढायची तयारी म्हणून रक्त सांगून ठेवलं. तिसऱ्या सकाळी ताप नव्हता. प्लेटलेट ८८, मग १ लाख १०. क्रिएटिनीन १.९ वरनं १.५. कन्नड सिस्टर रोज येऊन विचारायच्या, "अक्का, नोवु कडिमी आतेन्री?", म्हणजे दुखणं कमी झालं का, आणि आक्का, जिला कन्नड बाजारापुरतंच येतं, चौथ्या दिवशी त्यांना म्हणाली, "कडिमी आतरी." आजूबाजूचे पेशंट हसले, सिस्टर तर लई खूश.

सहाव्या दिवशी परत सिटी. काळी भोकं निम्म्यावर आली होती, बाहेरच्या चरबीतला गॅस जवळजवळ गेलेला. पाईप बुजू नये म्हणून दिवसातनं तीनदा दहा मिली सलाईननं आत-बाहेर करायचे. इंजेक्शनं चौदा दिवस, सोळाव्या दिवशी पाईपसकट घरी, पुढच्या आठवड्यात येऊन पाईप काढला. किडनी काढावी लागली नाही.

आता अर्धा स्टार कशाला कापला.

पहिलं, बिलिंग काउंटर. रात्री एक वाजता सिटीसाठी मला डिपॉझिट भरून पावती आणा म्हणाले, माझ्याकडं कार्डात तेवढे नव्हते आणि फोनवरनं पैसे जाईनात, नेट नव्हतं. वीस मिनिटं तिथं गेली. शेवटी त्याच डॉक्टरीणबाईंनी वरनं फोन केला की पेशंट आत घेतलाय, पैसे मागनं बघा. एक डॉक्टर फोन करते म्हणून सुटतं ही व्यवस्था नाही झाली, त्या नसत्या तर? इमर्जन्सीला हा नियमच असायला पाहिजे.

दुसरं, कार्ड. आमचं बीपीएल रेशन कार्ड आहे, आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमध्ये वर्षाला ५ लाखापर्यंत बसतं. एरवी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते, इमर्जन्सीत ती नसली तरी घेतात. पण रेशन कार्डावर आक्काचं नाव कन्नडमध्ये एका तऱ्हेनं आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेनं, त्यात चार दिवस गेले, तोवर औषधाचे पैसे रोख. सीमाभागात निम्म्या घरात हे असंच आहे, मराठी नाव कन्नडमध्ये लिहिताना एखादा काना-मात्रा बदलतोच. आज बसून आपल्या घरच्यांची दोन्ही कार्डं शेजारी ठेवून वाचा. काउंटरवरच्या माणसानं हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर भाच्याला तीनदा खानापूरला जावं लागलं नसतं.

तिसरं, रात्रीचं मेडिकल. आतल्या दुकानात पाईपची पिशवी संपलेली, मला पावसात बाहेर पाठवलं, दोन दुकानं बंद, तिसऱ्यात मिळाली. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात असं व्हायला नको.

चौथं, डिस्चार्ज. सकाळी दहाला सांगितलं जा म्हणून, कागद हातात पडले संध्याकाळी पाचला. आणि पाईप घरी कसा धुवायचा हे कुणी सांगितलंच नव्हतं, मी विचारल्यावर वॉर्डातल्या सिस्टरनी दुसरं पाकीट फोडून भाच्याच्या हातानं दोनदा करून घेतलं, मग सोडलं. त्या सिस्टरना पूर्ण मार्क, पण न विचारणारा माणूस तसाच घरी गेला असता आणि पाईप बुजला असता.

नातेवाईकांना बसायला जागा नाही, हे तर सगळीकडंच आहे, लांबवत नाही.

खर्चाचं विचारतील म्हणून, कार्ड लागू व्हायच्या आधी आमच्या खिशातनं बेचाळीस हजार गेले, त्यात औषधंच जास्त, पुढचं कार्डात बसलं. बिलावर प्रत्येक गोष्ट वेगळी लिहिलेली होती, विचारलं की सांगत होते, लपवाछपवी नव्हती.

आता तुम्हाला स्वतःसाठी हॉस्पिटल बघायचं असेल तर एसी आहे का, लिफ्ट आहे का हे नंतर. फोन करून विचारायचं ते हे की रात्री सिटी चालू असतो का, युरॉलॉजिस्ट बोलावल्यावर रात्री येतात का, पाईप टाकणारे रेडिओलॉजीचे डॉक्टर आहेत का, आयसीयू आणि डायलिसिस आत आहे का. ही चार उत्तरं हो असली तर तिथं न्या. सिटी सकाळी होईल म्हणाले तर गाडी वळवा, पंचवीस किलोमीटर जास्त लागले तरी चालतील. आणि घरात शुगरचं माणूस असेल, थंडी वाजून ताप असेल आणि पाठीत एका बाजूला दुखत असेल तर ओवा देत बसू नका, कमरेला तेल चोळू नका, लघवीला जळजळ होती का हे बायकांना तुम्ही स्वतःहून विचारा, त्या सांगणार नाहीत. सोनोग्राफीत गॅसमुळं किडनी दिसली नाही असं लिहून आलं तर तेवढ्यावर घरी जाऊ नका, कागद डॉक्टरपुढं ठेवून विचारा की मग किडनी कशात दिसेल.

तीन महिन्यांनी परत बोलावलं होतं. किडनी किती काम करते ते बघायचा डीटीपीए स्कॅन केला, एकूण कामातलं डावी ३१ टक्के, उजवी ६९ टक्के. सर म्हणाले जळालेल्या भागाचं काही होणार नाही पण ही किडनी कामाला आहे, काढली असती तर शून्यच होतं. सरासरी तीन महिन्यांची शुगर दाखवणारी तपासणी ११.४ वरनं ७.६. इन्सुलिन आक्का स्वतःच्या हातानं घेते, पोटावर, भाच्यानं शिकवलंय. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरीणबाईंना भेटायचं म्हणून आक्कानं घरच्या काजूची पिशवी आणली होती, पण त्यांची रात्रपाळी होती, दिवसा त्या नव्हत्या. पिशवी कन्नड सिस्टरकडं दिली आणि कुणाला द्यायची ते तीनदा सांगितलं. संध्याकाळी पाचच्या बसनं परत जाताना आक्का म्हणाली, "पुढच्या टायमाला रात्रीच येऊया काय गा, त्यांचं तोंड मला नीट आठवेना झालंय."